गाव ‘क’ मधल्या शांताबाई

मालविका मॅडमनी चष्मा पदराने पुसला, पुस्तक उघडलं आणि माईकजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "मी फक्त अर्धं पान वाचते. पान सत्तेचाळीस."

वीरण्णा शेवटून दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसले होते. आकडा ऐकताच त्यांच्या अंगावर काटा आला. ते पान त्यांचं होतं. पुस्तकावर त्यांचं नाव नव्हतं. आत आभाराच्या यादीत ‘क्षेत्रीय सहायक’ म्हणून पाच जणांत एक होतं. पण सत्तेचाळीसाव्या पानावरची वाक्यं त्यांनी स्वतः लिहिली होती आणि मॅडमनी त्यातला एक शब्द बदलला नव्हता. संस्थेच्या नोकरीतल्या सव्वीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

लातूरच्या त्या सभागृहात शंभरेक माणसं होती. प्राध्यापक, दोन-तीन अधिकारी, गावोगावचे शिक्षक. मॅडम सावकाश वाचू लागल्या.

"गाव ‘क’ मधल्या शांताबाई शाळेत खिचडी शिजवतात. उकळत्या पाण्यात तांदूळ सोडण्याआधी त्या चार दाणे चुलीत टाकतात आणि जाळाला म्हणतात, ‘आधी तुझं, मग लेकरांचं.’ पंचवीस वर्षं गाव त्यांच्या हातचं खाऊन मोठं झालं आहे. शांताबाई कोण आहेत, हे त्या गावाला ठाऊक नाही."

सभागृहात टाळ्या वाजल्या. वीरण्णांनी मान खाली घातली. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात आपल्या वाक्याला टाळी पडेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. डोळे भरून आले, तेव्हा त्यांनी खिशातला रुमाल काढून उगाच नाक पुसलं.

शेजारी निवृत्ती गुरुजी होते. अहमदपूर तालुक्यातल्या शाळांवर देखरेख करणारे, सर्वेक्षणाच्या वेळी गावोगाव ओळख करून देणारे. त्यांनी कोपराने हळूच ढोसलं.

"वीरण्णा, ही आपली गंगम्मा न्हाई का हो?"

वीरण्णांच्या हातातला रुमाल तसाच राहिला.

"आधी तुझं मग लेकरांचं! अहो, त्या शाळेतली पोरं कबड्डी खेळताना सुद्धा तसंच म्हणतात." गुरुजी तोंडावर हात धरून हसत होते. "नाव कामून बदललं बिचारीचं? छापून आलं असतं तर सगळ्यांना दाखवत फिरली असती."

"गुरुजी, ते..."

पण गुरुजींनी आपल्या मांडीवरचं पुस्तक उघडलं होतं. सत्तेचाळीसावं पान त्यांनी बोटाने वाचलं आणि उलटलं. अठ्ठेचाळीसाव्या पानावर बोट दोन ओळी सरकलं आणि थांबलं. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी पुस्तक मिटलं, पिशवीत घातलं, पिशवीच्या बंदांची गाठ मारली आणि व्यासपीठाकडे बघत बसले. बऱ्याच वेळाने अगदी हळू आवाजात म्हणाले, "मी तिच्या हातचं लई वेळा जेवलोय."

त्यांनी असं का म्हटलं, हे विचारायची वीरण्णांची हिंमत झाली नाही.

नाव बदललं होतं. गाव बदललं होतं; गावाचं नाव अहवालात नव्हतं, इथेही नको. वय तीन वर्षांनी कमी केलं होतं. नवऱ्याचं नाव, आडनाव, गल्ली, देऊळ, सगळं वीरण्णांनी लाल पेनने एकेक करून काढलं होतं. ते काम संस्थेत त्यांच्याकडेच असायचं. मॅडमनी शेवटी विचारलंही होतं, "वीरण्णा, ओळख पटेल असं काही राहिलं नाही ना?" ते म्हणाले होते, "नाही मॅडम." चुलीत टाकलेले चार दाणे त्यांना आठवलेच नव्हते असं नाही. ते वाक्य त्यांना फार आवडलं होतं.

आणि आता त्यांना दुसरी गोष्ट आठवली. ते उठले, वाकून रांगेतून बाहेर पडले आणि व्हरांड्यात जाऊन त्या गावच्या ग्रामसेवकाला फोन लावला.

"पार्सल?" ग्रामसेवक म्हणाला. "हाव, आलं की शनिवारीच. पुस्तक छान झालंय. अभ्यासिकेत ठेवलंय, पोरं वाचून राहिलीत."

"जरा काढून ठेवता का? आपल्याकडेच. मी येतो."



"आता काढून काय करता, साहेब," ग्रामसेवक म्हणाला. "या तुम्ही."

आत भाषणं संपत आली होती. मालविका मॅडम फोटोसाठी बाहेर आल्या तेव्हा वीरण्णांनी त्यांना गाठलं आणि तुटक तुटक चार वाक्यांत सांगितलं. मॅडमचा चेहरा पांढरा पडला. त्या वाईट बाई नव्हत्या. नांदेडला शिकवताना वीस वर्षं त्यांनी याच विषयाला वाहून घेतलं होतं.

"पण आपण नाव बदललंय," त्या म्हणाल्या. "संमतिपत्रावर अंगठा आहे ना?"

"आहे."

"आणि रेकॉर्डिंग?"

वीरण्णा रुमालाची घडी घालू लागले. तेवढ्यात कोणीतरी हाक मारली, "मॅडम, सगळे थांबलेत." मॅडमनी त्यांच्या दंडाला हात लावला. "जेवून जा. उद्या बोलू आपण. काहीतरी करू."

वीरण्णा जेवले नाहीत. सव्वाबाराची अहमदपूर गाडी मिळाली. खिडकीजवळ जागाही मिळाली.

संस्थेचे अहवाल इतकी वर्षं इंग्रजीत निघत. वीरण्णा गावोगाव फिरत, ओसरीवर बसत, लोकांचं ऐकत, लिहून आणत. त्याचं पुढे इंग्रजी होई, जाड कागदावर छापलं जाई आणि ज्यांचं होतं त्यांच्यापर्यंत कधीच पोचत नसे. हे त्यांना खुपायचं. बोलायला बिचकणारे वीरण्णा दर वर्षी बैठकीत हात वर करून एवढंच म्हणायचे, "मॅडम, हे मराठीत निघावं. आणि प्रत्येक गावाला एक प्रत जावी. त्यांच्याबद्दल आपण काय लिहिलं हे त्यांना कळायला पाहिजे." लोक हसत. यंदा मॅडमनी ऐकलं. ‘विविधता, ओळख आणि समावेशन: चौदा गावांचा अभ्यास’ मराठीत निघाला. मागच्या बुधवारी चौदा पार्सलं वीरण्णांनी स्वतः बांधली. शिपाई म्हणाला, मी करतो काका. त्यांनी करू दिलं नाही. प्रत्येक पुस्तकात ‘आपल्या गावाच्या सहकार्याबद्दल कृतज्ञतापूर्वक’ अशी चिठ्ठी वळणदार अक्षरात लिहून घातली.

इंग्रजीत होतं तोवर सव्वीस वर्षांत कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

गंगम्मा त्यांना गेल्या वर्षी पौषात भेटली होती. शाळा सुटली होती, ती पातेली घासत होती. ठरलेले प्रश्न झाले, तिने ठरलेली उत्तरं दिली. जात? लिंगायत. नवरा? वारला, बारा वर्षं झाली. भेदभाव? तसं काय न्हाई आमच्या गावात. मग वीरण्णांच्या शर्टाच्या उघड्या गुंडीतून त्यांच्या गळ्यातलं लिंग तिला दिसलं.

"अण्णा, तुम्ही आपल्यातलेच?"

"हो."

ती थोडा वेळ राखेने पातेलं घासत राहिली. मग रेकॉर्डरकडे बोट करून म्हणाली, "ते बंद करा."

त्यांनी बंद केला.

"माझा बाप दोर वळायचा," ती म्हणाली. "केरसुण्या बांधायचा. समजलं ना?"

वीरण्णांना समजलं होतं. गावकुसाबाहेरची कामं होती ती.

लातूरच्या डाळमिलमध्ये ती सांडलेली डाळ झाडून गोळा करायची. शरणप्पा तिथे पोती उचलायचा. त्याने तिच्याशी लग्न करून तिला गंगम्मा हे नाव दिलं, एका दूरच्या मठात नेऊन गळ्यात लिंग घातलं आणि गावाला सांगितलं, बिदरकडची आहे, पोरकी आहे. तीस वर्षं ती बिदरकडची राहिली. मूल झालं नाही, तेव्हा तिला आतून बरंच वाटलं. लेकराच्या सोयरिकीत कोणी मुळं खणली असती. माहेरी ती परत गेली नाही. गावाच्या त्या टोकाला तिच्याच जातीची बारा घरं होती. तिकडे ती वाट वाकडी करूनसुद्धा गेली नाही.

"तुमच्या धर्मात जात न्हाई म्हणतात," ती म्हणाली होती. "हे म्हणायचे, म्हणून तर तुला आणली. पण गावाला सांगायचं धाडस त्यांनाबी झालं न्हाई." मग ती हसली. "मला दुसरं काय नको, अण्णा. रुद्रभूमीत त्यांच्या डाव्या अंगाला जागा राखून ठेवलीय. दर साली गवत काढते. तेवढी मिळाली की झालं."

लिंगायतांत माणसाला रुद्रभूमीत बसवून पुरतात, हातात त्याचं लिंग देतात. तीस वर्षं तिने खोटं ओढलं होतं ते त्या दोन हात जमिनीसाठी.

परतीच्या गाडीत वीरण्णांनी सगळं आठवून आठवून वहीत उतरवलं होतं. तेव्हा त्यांना वाटलं होतं, ही गोष्ट कुणाला कळलीच नाही तर ती बाई जगली काय आणि न जगली काय. लिहिणाऱ्याला असं वाटतं. आज त्याच रस्त्याने उलट जाताना त्यांना स्वतःच्या त्या वाटण्याची शिसारी आली.

अहमदपूरला उतरून ते काळीपिवळीने गावात पोचले तेव्हा साडेतीन होत आले होते. अभ्यासिकेच्या पायरीवर एक दाढी वाढलेला तरुण बसला होता. तो संगमेश, शरणप्पाच्या धाकट्या भावाचा मुलगा. तीन वर्षं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होता. वीरण्णांना बघून तो उभा राहिला आणि पुन्हा बसला.

"सर, मी वाईट म्हणून टाकलं न्हाई."

"काय टाकलं?"

"ग्रुपवर. फोटो." तो जमिनीकडे बघत होता. "पुस्तक चाळलालो होतो. ‘आधी तुझं’ दिसलं. म्हणलं, अरे, ही तर आपली काकू! पुस्तकात! दोन्ही पानांचे फोटो काढले आन् लिहिलं, ओळखा कोण. पहिलंच पान वाचलं होतं, सर. पलीकडचं वाचायच्या आत टाकून दिलं." त्याने मोबाइल पायरीवर उलटा ठेवला. "पाचशे माणसं हायेत ग्रुपवर."

"काढलं का मग?"

"काढलं. दहा मिनिटांत काढलं." तो कडवटपणे हसला. "माझा बाप माझ्याशी बोलत न्हाई. म्हणतो, तीस वर्षं तिच्या हातचं खाऊ घातलं आम्हाला. कुणावर चिडलाय तेच कळंना. तिच्यावर का माझ्यावर का मेलेल्या चुलत्यावर."

"आणि तू?"

संगमेशने उलटा ठेवलेला मोबाइल खिशात घातला. "सर, परीक्षेत आम्हाला हाच विषय असतो," तो म्हणाला. "सामाजिक समावेशन. दहा मार्कांचा. मला पाठ हाय."

गंगम्माचं घर मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. दार उघडं होतं. ती चुलीशेजारी भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्यासमोर शाळेचं मोठं पातेलं होतं, झाकलेलं. वीरण्णा उंबऱ्यात थांबले. काय बोलायचं ते त्यांनी गाडीत दोन तास ठरवलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना.

"या," ती म्हणाली. "बसा."

"अक्का, मी..."

"बसा आधी. घाम आलाय तुमाला."

ते बसले. तिने तांब्या पुढे केला, पण थोडा दूर ठेवला आणि हात मागे घेतला. गेल्या वर्षी तिने हातात दिला होता. वीरण्णांनी तो उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

"शाळेतनं घरी न्या म्हणले," तिने पातेल्याकडे मान केली. "काल फार कुणी खाल्लं न्हाई म्हणून आज कमीच शिजवली व्हती. तरी बघा. सत्तर लेकरांतली अकरा जेवली. बाकीच्यांनी डबे आणले. लहान्या पोरांना काय कळतंय, एक पोरगी ताट घेऊन आली बी, तर तिच्या भावानं हाताला धरून नेली." ती थांबली. "हेडमास्तर चांगले हायेत. म्हणले, आठ दिवस सुटी घ्या, मावशी. आठ दिवसांनी काय व्हणार हाय, ते न्हाई म्हणले."

"ती अकरा..."

"त्या टोकाची. आपल्या... माझ्या माणसांची." तिला तो शब्द जड गेला. "म्हणलं, आता तरी तिकडं जावं. गेले काल. त्यातली एक म्हातारी दारातच उभी राहिली. म्हणली, तीस साल आमच्या घरचं पाणी पेली न्हाईस. लेकरू मेलं माझं तवा दारावरनं गेलीस, आत आली न्हाईस. आता कामून आलीस?" गंगम्माने पदराने तोंड पुसलं. "खरंच हाय तिचं. काय बोलणार?"

बाहेर गल्लीतून कोणी तरी गेलं. पावलं दाराशी जरा हळू झाली आणि मग भरभर गेली.

"आन् समाजातले मलप्पा पाटील आले व्हते," ती म्हणाली. "सभ्यपणानं बोलले. म्हणले, तुला गावातनं कोण काढत न्हाई. राहा. खा. पण रुद्रभूमीचं पंचांना इचारावं लागंल. मी म्हणले, इचारा. सकाळी जाऊन आले तिकडं. जागेवर बाभळीचे काटे टाकलेत." तिने हाताने माप दाखवलं. "बरोबर तेवढ्याच जागेवर. ह्यांच्या बाजूला एक काटा गेला न्हाई. ध्यान देऊन टाकलेत."

"माझी चूक झाली, अक्का. मी मॅडमना सांगतो, पुस्तकं परत मागवतो. पंचांशी बोलतो. कायदा आहे, तक्रार करता येते..."

"पुस्तक हाय का संगं?"

त्यांनी पिशवीतून काढलं.

"वाचा. मला वाचता येत न्हाई. सगळ्या गावानं वाचलं, मीच ऱ्हायले."

"नको, अक्का."

"वाचा म्हणते ना."

वीरण्णांनी सत्तेचाळीसावं पान उघडलं. सकाळी याच ओळींना टाळी पडली होती. दोनदा खाकरून त्यांनी सुरुवात केली. चुलीचं वाचलं. डाळमिलचं वाचलं. दोर वळणाऱ्या बापाचं वाचलं. रुद्रभूमीतलं गवत आणि डावी बाजू वाचली. ती डोळे मिटून ऐकत होती. मध्ये एकदा म्हणाली, "हे मी असंच म्हणले व्हते?" ते म्हणाले, "हो." ती म्हणाली, "बरं."

दोन्ही पानं संपली. वीरण्णांनी पुस्तक मिटलं.

"चांगलं लिवलंय," गंगम्मा म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता आणि त्यामुळे ते ऐकवत नव्हतं. "पण अण्णा, ते यंत्र बंद करून तुमाला सांगितलं व्हतं मी. पुस्तकाला न्हाई सांगितलं."

वीरण्णांनी मांडीवरचं पुस्तक उलटं केलं.

"इतक्या सालांत कुणाला तरी सांगावं वाटलं. गळ्यात लिंग दिसलं, माणूस गरीब वाटला, सांगितलं. हलकं वाटलं त्या दिवशी. रात्री झोप लागली." तिने चुलीतली राख काडीने उगाच उकरली. "आज तांदूळ सोडताना हात चुलीकडं गेला आन् मागं आला. चार दाणे मुठीत तसेच ऱ्हायले. आईची सवय व्हती ती. माहेरचं तेवढं एकच संगं आणलं व्हतं. आता ते बी पुस्तकात गेलं."

उन्हाची तिरीप उंबऱ्यावरून आत सरकली होती. तिने वर बघितलं.

"जेवलात?"

"नाही."

"मग खा. उपाशी आलात, उपाशी जाऊ नका."

तिने पातेल्यावरचं झाकण काढलं. खिचडी गार होऊन घट्ट झाली होती, वर साय धरल्यासारखा थर होता. तिने ताटात वाढली आणि या वेळी ताट त्यांच्यासमोर ठेवून मागे सरली नाही. तिथेच बसून राहिली, बघत. वीरण्णा खाऊ लागले. मीठ, हळद, मटकी, सगळं बरोबर होतं. त्यांना ते संपवायचं होतं, पातेल्यातलं सगळं, एकट्याने. ताट संपलं. त्यांनी पुन्हा पुढे केलं. तिने पुन्हा वाढलं. दुसरं ताट अर्ध्यावर आलं तेव्हा घास गिळवेना, तरी ते गिळत राहिले. एका म्हाताऱ्या माणसाच्या पोटात मावून मावून किती मावणार?

"ऱ्हाऊ द्या आता," ती म्हणाली. "आजारी पडाल."

त्यांनी हात धुतला. निघताना पुस्तक त्यांच्या हातात होतं. ते इथे ठेवावं की न्यावं, हे त्यांना कळेना. तिने ते त्यांच्याकडून घेतलं, कोनाड्यात शरणप्पाच्या फोटोशेजारी उभं करून ठेवलं आणि पुन्हा पातेल्यापाशी येऊन बसली.

वीरण्णा उंबऱ्याबाहेर चपला शोधत होते. आत गंगम्माने डाव घेतला. दोन ताटं वाढलेल्या ठिकाणी खिचडीत खळगा पडला होता. तिने डावाच्या पाठीने बाजूची खिचडी ओढून तो खळगा भरला, वरचा भाग कुणी हातच न लावल्यासारखा सगळीकडून सारखा केला, कडेला लागलेली शितं निपटून आत घेतली आणि झाकण ठेवलं.